कुजक्या शेवाळाचा ढीग

लवू शितपाला राग यायला कारण लागत नाही, असं वाडीत म्हणतात. साफ खोटं. कारण लागतं, फक्त ते त्याला सकाळच्या चहाआधीच सापडतं. तीस वर्षं बोटीवर खलाशी होता. आता मिरजोळ्यापलीकडच्या वाडीत राहतो, आणि दारासमोरच्या तळ्याच्या चिऱ्याच्या पायरीवर ऊन चढेपर्यंत बसून असतो. समुद्रात माडाएवढ्या लाटा बघितलेला माणूस बोटभर तरंग बघत बसतो, म्हणून लोक हसतात. हसोत बापडे.

त्या तरंगांतलं त्याला जेवढं कळतं तेवढं कोणाच्या बापाला कळत नाही. खंड्या दगडासारखा पडतो, त्याचं वर्तुळ जाड उठतं आणि लगेच मोडतं. पाणकोंबडी चालते तिथं पाणी नुसतं थरथरतं. आणि टिबुकली, मुठीएवढा तपकिरी जीव, बुडी मारते तेव्हा एकच बारीक कडं उठतं. ते काठाला लागायच्या आत ती भलतीकडेच डोकं काढते. ती कुठे निघणार याची लवू मनाशी पैज लावतो, आणि दर वेळी हरून तिलाही शिवी घालतो.

आषाढातल्या वाडीच्या बैठकीत त्याने सगळ्यांना धारेवर धरलं होतं. तळ्यात पिशव्या टाकता, निर्माल्य टाकता, पाण्याचं गटार केलंत, आता कोणत्या तोंडाने गणपती बुडवणार यात? शब्द झोंबले. चतुर्थीच्या आधीच्या रविवारी सगळ्यांनी मिळून तळं साफ करायचं ठरलं. पुढाकार त्याच्या पुतणीने घेतला, अक्षयाने. या माणसाचं बोलणं मनावर न घेता त्याला जेवायला वाढणारी वाडीत ती एकटीच.

मग श्रावणात मागच्या कोपऱ्यात टिबुकलीने घरटं केलं. घरटं कसलं, पाण्यावर तरंगणारा कुजक्या शेवाळाचा ढीग. उठून जाताना ती अंड्यांवर ओलं शेवाळ ओढून घेते, म्हणजे हातभर अंतरावरूनही घाणच दिसावी. लवूला कळलं ते पाण्यावरच्या कड्यांवरून, ती रोज त्याच ढिगापाशी उठत होती. एकदा तिने शेवाळ बाजूला केलं तेव्हा चार अंडी दिसली. गौरी यायच्या आत पिल्लं निघणार, असा त्याचा अंदाज होता.

हे त्याने कोणाला म्हणजे कोणाला सांगितलं नाही, अक्षयालाही नाही. गेल्या वर्षी पाणकोंबडीचं घरटं मोठ्या कौतुकाने दाखवलं होतं. तर ही मंडळी मोबाइल घेऊन लोटली, पक्षी उठावा म्हणून खडे मारले, आणि पाणकोंबडी गेली ती गेलीच. तेव्हापासून त्याने तोंडाला कुलूप घातलं. रविवारी आपण स्वतः काठावर ठाण मांडू, त्या कोपऱ्याकडे कोण फिरकतो बघू, असं त्याचं ठरलेलं होतं.

शनिवारी मुलाने मुंबईहून बसने धाडलेली मखराची पेटी घ्यायला तो हातखंब्याला गेला. बस चार तास उशिरा. हायवेला, ठेकेदाराला आणि ड्रायव्हरच्या सात पिढ्यांना शिव्या घालून तो परतला तेव्हा दुपार कलली होती.

तळं चकाचक होतं. रविवारी चाकरमानी येणार, घराघरांत गर्दी, म्हणून अक्षयाने आदल्या दिवशीच उरकून घेतलं होतं. काका परत येईल तेव्हा त्याला दाखवू, असंही तिच्या मनात होतं. बाया चहा पीत होत्या. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. एकदा तरी हा माणूस बरं म्हणेल, एवढीच काय ती अपेक्षा.

लवू पाण्याकडे बघत होता. मागच्या कोपऱ्यात एक बारीक कडं उठलं. टिबुकली तिथेच वर आली, तिथेच बुडाली, पुन्हा तिथेच वर आली. आयुष्यात पहिल्यांदा तो पैज जिंकला.

पेटी टाकून तो काठावरच्या कचऱ्याकडे धावला आणि दोन्ही हातांनी शेवाळ उपसू लागला. तीन अंडी फुटलेली होती. चौथं शाबूत, पण गार. शेवाळ ओढून काढलेलं दाताळं अजून अक्षयाच्या हातात होतं. तिने बघितलं आणि तिचा चेहराच उतरला.

"काका, एका शब्दाने सांगितलं असतं तर?"

त्याने तोंड उघडलं. शिव्यांचा सगळा साठा जिभेवर आला होता, आणि त्या घालायला समोर माणूसच सापडेना. मेल्या लव्या, मेल्या लव्या, एवढंच तो स्वतःशी पुटपुटत राहिला.

टिबुकली अजून बुड्या मारत होती. दर खेपेला चोच रिकामी. घरटं पुन्हा बांधायचं म्हटलं तर त्या स्वच्छ तळ्यात काडीभर शेवाळ उरलं नव्हतं. ते ध्यानात आलं तसा लवू वाकला. ढिगातल्या पिशव्या वेचून त्याने बाजूला फेकल्या, कुजकं शेवाळ कवेत घेतलं आणि कमरेएवढ्या पाण्यात शिरला. तळ्यात कचरा टाकणाऱ्यांचा जन्मभर उद्धार केलेला हा माणूस सगळ्या वाडीदेखत कचरा पुन्हा तळ्यात सोडत होता.

"बघत काय राहिलात?" तो मागे न वळता ओरडला. "आणा इकडे. प्लास्टिक वेचून आणा. आणि का म्हणून ते विचारा एकदाचं. सांगतो."

अक्षयाने दाताळं खाली ठेवलं आणि पहिली ओंजळ भरली.