विजारीतल्या बोक्याचे पाय

मुलांच्या एका मासिकात विजार घातलेला बोका दर महिन्याला यायचा. त्याचं चित्र काढणाऱ्या बाईंना सगळी गल्ली मनीबाई म्हणायची, आणि बाईही त्या हाकेला खुशाल ओ द्यायच्या. बोका मुलांचा लाडका होता, पण तो चालताना कधी कुणी पाहिला नव्हता. कायम कुंडीमागे, टेबलामागे, नाहीतर कमरेएवढ्या गवतात उभा. मुलांना वाटायचं, त्याला गवत आवडतं. खरी गोष्ट अशी, की मनीबाईंना त्याचे पाय काढता येत नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत त्यांनी बरीच वर्षं निभावून नेली होती.

मग संपादक बदलले. नव्या संपादकांनी बोक्याचं पुस्तक काढायचं ठरवलं आणि बाईंना बोलावून पहिलं पान सांगितलं.

"बोका जिना उतरतोय. आपण त्याला वरून बघतोय."

"समोरून बघितलं तर?"

"समोरून त्याला इतकी वर्षं बघतोच आहोत, बाई. नाही जमलं तर तसं सांगा, दुसऱ्या कुणाकडून काढून घेऊ. बोका काय, मासिकाचाच आहे."

हे त्यांनी चहा ओतता ओतता सांगितलं. मनीबाईंना तो चहा गेला नाही. पोटचं पोर कुणी परस्पर दत्तक देऊन टाकावं, तसं त्यांना झालं.

घरी येऊन त्यांनी जिना काढला आणि त्यावर बोका ठेवला. बोका काही पायरीवर उभा राहीना. भिंतीला चिकटवलेल्या जाहिरातीसारखा तो लटकत राहिला, आणि उलटे वाकलेले त्याचे गुडघे तर बघवत नव्हते. इमारतीखालच्या औषधाच्या दुकानात एक मांजर होतं. बाईंनी जाऊन ते मांडीवर घेतलं आणि त्याचा मागचा पाय चाचपला. ज्याला त्या आजवर उलटा गुडघा समजत होत्या, ती टाच निघाली. गुडघा पार वर, पोटाशी केसांत दडलेला, आणि माणसासारखाच पुढे वाकणारा.

"अगंबाई, म्हणजे हे बिचारं जन्मभर चवड्यांवरच चालतं!"

मांजराने उत्तरादाखल त्यांच्या मनगटावर ओरखडा काढला. दुकानदाराने त्यावर औषध लावलं आणि तो म्हणाला, "तरी म्हटलं, इतक्या वर्षांनी मांजराची चौकशी कशी काय!"

मग बाईंनी चपलांची खोकी जिन्यात ठेवून वरून पाहिली. वरची बाजू रुंद, तळाकडे निमुळती होत गेलेली. छातीचं एक खोकं, कमरेचं एक, असा बोका बांधला, अंगाखाली झाकले जाणारे पायसुद्धा आधी पुरते काढले आणि मग खोडले. आता तो पायरीवर नीट टेकला. टेकला, पण उतरेना. नुसताच उभा.

मनीबाईंचे वडील त्यांच्याकडेच राहायचे. रोज सकाळी ते खाली बाकावर जाऊन बसत, आणि "सावकाश हं, बाबा" म्हणून बाई दारातूनच आत वळत. त्या सकाळी हातात पेन्सिल होती म्हणून त्या वळल्या नाहीत. वरून बाबा म्हणजे टक्कल, खांदे आणि खांद्यांखालून डोकावणारी बुटांची टोकं. दुखरा पाय आधी खाली, मग दुसरा त्याच पायरीवर. हात कठड्यावर घट्ट. मध्येच थांबून पुढच्या पायरीचा अंदाज घेणं. बाईंना फार वाईट वाटलं, आणि ते वाटत असतानाच त्यांनी चित्रही काढलं.

संपादकांनी कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"पाय बरोबर आहेत. जिनाही झकास. पण बाई, हा म्हातारा झालाय हो!"

मनीबाईंचा जीव टांगणीला लागला होता.

"असं करू," संपादक म्हणाले, "हे त्याचे आजोबा. आपला बोका शेजारून कठड्यावरून घसरत जाऊ दे. जमेल?"

बाईंनी तिथेच कागद उलटा केला आणि त्यावर खोकी काढायला घेतली. घसरणारा बोका पाठमोरा, शेपूट वर, दोन्ही टाचा जिथल्या तिथे. संपादकांनी दुसऱ्या कुणाचं नाव पुन्हा काढलं नाही.

छापलेलं पान त्यांनी बाबांपुढे ठेवलं. बाबांनी चष्मा पुसला.

"विजार माझीच दिसतेय."

"तुमचीच आहे."

"उजवा पाय दुखतोय याचा."

"हो."

बाबांनी पान जवळ ओढलं. "मी एवढासा झालोय का गं?"

चित्रात कुठेही चूक नव्हती. बाईंनी ते पुन्हा पुन्हा तपासलं होतं.

"वरून बघितलं ना बाबा, की सगळेच लहान दिसतात."

"असं होय," म्हणत बाबा बाकावर जायला उठले. मनीबाई त्यांच्याआधी काही पायऱ्या उतरून खाली उभ्या राहिल्या. तिथून ते मोठे दिसत होते.