आतल्या शिवणी

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात मास्तर तीस वर्षं बायकांचे ड्रेस शिवत होते, अधूनमधून गणवेशांची कामंही घेत. प्रत्येकीचं माप वहीत, तारखेसकट. एखादीची कंबर दोन इंच उतरलेली दिसली की चष्मा कपाळावर ढकलून म्हणायचे, "ताई, ड्रेसचं नंतर बघू. आधी डॉक्टरकडे जाऊन या."

"मास्तर, तुम्ही शिंपी की कंपाउंडर?" बायका हसायच्या. पण दोघीतिघी गेल्या, आणि वेळेत गेल्या म्हणून वाचल्या.

बायकोचं माप मात्र वहीत नव्हतं. "तुझं माप माझ्या हातात बसलंय," असं ते लग्नाच्या वर्षी म्हणाले होते. दरवर्षी त्याच मापानं कापड कापायचे आणि ड्रेस तिला चापूनचोपून बसलेला दिसायचा. याचा त्यांना कोण अभिमान.

ती घरातच चक्कर येऊन पडली, तेव्हा दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं.

"उतरलंय कुठे? मी पहिल्यापासून काटकुळीच," ती म्हणाली.

"वर्षभर आधी आला असता तर..." रिपोर्ट मिटत डॉक्टरीणबाई तिथंच थांबल्या.

तिला वॉर्डात ठेवून मास्तर कपडे न्यायला घरी आले. पिशवीत भरताना एक ड्रेस उलटा झाला. त्यांच्या शिवणीच्या आत दुसरी शिवण होती, हातानं घातलेली, बारीक. तिच्या आत आणखी एक. मग आणखी एक. दोरे दुकानातलेच, उरलेले. तांबडा बँडवाल्यांच्या कोटांचा, म्हणजे दीड वर्ष झालं. पांढरा नर्सबाईंच्या कपड्यांचा. हिरवा शाळेच्या गणवेशांचा, गेल्या उन्हाळ्यातला. ते खाटेच्या कडेवर बसून राहिले.

संध्याकाळी त्यांनी तो ड्रेस तिच्या उशाशी ठेवला. "हे मला सांगायचं नाही?"

"कधी सांगू? आधी सासूबाईंचं ऑपरेशन, मग पोरीचं बाळंतपण, मग तुमचे गणवेश. माझा नंबरच लागेना." ती जराशी हसली. "आणि सैल झालाय म्हटलं असतं, तर तुम्ही चार दिवस तोंड पाडून बसला असता."

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला. "हात वर कर."

तिनं केले. टेप कमरेभोवती फिरून फारच लवकर परत आला.

"किती?" तिनं विचारलं.

तीस वर्षं मापं मोठ्यानं सांगत आलेल्या मास्तरांनी टेपवरच्या आकड्यावर अंगठा दाबून धरला आणि तो तसाच ठेवला.