उतरणाऱ्याचं जेवण

हैदराबाद राज्य मोडून आमचा जिल्हा मुंबई राज्यात आला, त्यानंतरच्या तिसऱ्या चैत्रात, एका गुरुवारी दुपारी, उमरग्याच्या हमरस्त्यावरच्या खानावळीत एका म्हाताऱ्या खलाशाने ताटातलं कालवण संपवलं, हात धुतला आणि "चांगलं झालंय" असं म्हटलं. खानावळवाल्याने तेवढ्यावरून चूल विझवली आणि दार लावून घेतलं. पंगतीला आम्ही सात जण होतो. त्यातल्या पाच जणांना काय बिनसलं ते कळलं नाही.

उमरगा तालुक्यात समुद्र पाहिलेली माणसं तेव्हा बरीच असतील, पण समुद्राला सोडायला तयार नसलेली फक्त दोन होती. समुद्र मोटार आणि आगगाडी मिळून दीड दिवसाच्या वाटेवर होता. खानावळवाला मूळचा मुरुमचा. त्याला सगळे भंडारी म्हणत, कारण जहाजावर खलाशांचं जेवण रांधणाऱ्याला भंडारी म्हणतात आणि दुसऱ्या कुठल्या नावाला तो ओ देत नसे. दुसरा सुकाणी. जहाजाचं चक्र ज्याच्या हातात असतं तो. नोकरी संपल्यावर तो गावाबाहेर पुतण्याच्या वस्तीवर येऊन राहिला होता. दोघं कधी एका जहाजावर नव्हते. त्यांची ओळख उमरग्याच्या रस्त्यावर झाली. पुतण्याची तुरीची पोती ट्रकवर चढवायची होती आणि खाली उभा राहून सुकाणी हमालांना जहाजावरच्या आरोळ्या देत होता. वर ओढायचं तर "हबेस", सैल सोडून खाली घ्यायचं तर "आरिया". आरोळी ऐकून भंडारी हातातल्या उलथन्यासकट रस्त्यावर आला.

"कुठल्या जहाजावरचा रं तू?"

"ते बुडालं. तू कुठल्या?"

"माझं भंगारात गेलं."

एवढ्यावर ओळख पुरी झाली. भंडाऱ्याने त्याला आत नेऊन जेवायला बसवलं. पुढे बारा वर्षं सुकाणी रोज तिथेच जेवला.

मी त्या काळात सोलापूरच्या एका दैनिकाला बाजारभाव आणि अपघात कळवत असे आणि दोन्ही वेळचा त्या खानावळीचा मेंबर होतो. त्यामुळे इथे सांगतो ते बहुतेक पाहिलेलं आहे. भंडारी ताटाखाली ओलं गोणपाट अंथरायचा. जहाज हललं की ताट घसरतं म्हणून. खानावळीला शहाबादी फरशी होती आणि ती कधी हलल्याचं कोणाला आठवत नाही. वाटी तो अर्धीच भरायचा. नवीन गिऱ्हाईक याला चिक्कूपणा समजून कुरकुरायचं. मग भंडारी वाटी संपायच्या आत पुन्हा अर्धी भरायचा, पुन्हा भरायचा, शेवटी माणूस हात जोडायचा. पण काठोकाठ भरलेली वाटी त्या खानावळीत कोणी पाहिली नाही. एका तलाठ्याने कारण विचारलं तेव्हा त्याने गंभीरपणे सांगितलं, "लाट काय सांगून येती व्हय, सायेब?"

सुकाणी पाय फाकवून चालायचा आणि बाजेवर निजताना एक पाय बाजेच्या कडेच्या दांडीत अडकवून निजायचा. डावी-उजवी बाजू त्याला मान्य नव्हती; ट्रकवाल्याने हैदराबादची वाट विचारली की तो आधी सूर्याकडे बघायचा. गाव त्याला हसायचं, पण फाल्गुनात खळ्यावर ज्वारीची रास उफणायची वेळ आली आणि वारा पडला की तेच गाव त्याच्या दारात यायचं. तो बोट जिभेला लावून वर धरायचा आणि सांगायचा, तिसऱ्या प्रहरी येईल, खालच्या अंगानं. वारा बहुधा यायचा. पाऊस कधी येईल असं विचारणाऱ्याला मात्र तो हाकलून द्यायचा. ते काम सुकाण्याचं नाही म्हणायचा. जिल्हा मुंबई राज्यात आला त्या दिवशी पेढे वाटले जात होते, तेव्हा तो खानावळीच्या पायरीवर बसून म्हणाला होता, "मुंबई आली हितवर. आता समुद्र बी येईल मागनं."

बाजाराच्या दिवशी दोघांची वेगळी पंगत असे. मुंबईहून येणारा एक ट्रकवाला सुके बोंबील आणायचा. ते भाजायला टाकले की शेजारचा कापडवाला दुकानाची एक फळी लावून घ्यायचा. येसुराचा मसाला घातलेल्या आमटीत बोंबील सोडून ज्वारीच्या भाकरीशी खाणारे ते तालुक्यातले दोघेच. खाताना एक एडनच्या खजुराची आठवण काढायचा, दुसरा रंगूनच्या तांदळाची. मोंबासाचं खोबरं गोड की कोलंबोचं, हा वाद बारा वर्षांत निकाली निघाला नाही. मग जेवणाला शिव्या सुरू व्हायच्या. सुकाणी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचा की त्याच्या जहाजाच्या नांगराची साखळी तुटली तेव्हा तिथल्या भंडाऱ्याची भाकर दोराला बांधून पाण्यात सोडली, तीन दिवस जहाज जागचं हललं नाही. चौथ्या दिवशी का हललं, असं कोणी तरी विचारायचंच. त्यावर भंडारी चुलीपुढून म्हणायचा, "चौथ्या दिशी ह्यानं खाल्ली."

गावाला वाटायचं दोघांचं जमत नाही. खरी गोष्ट मला भंडाऱ्यानेच सांगितली. चार वर्षांपूर्वी त्याला मुदतीचा ताप आला होता. ताप गेला तो जिभेची चव घेऊन गेला. मीठ, तिखट, आंबट, सगळं एक. खानावळवाल्याची जीभ गेली हे गावात कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी कोणी पाटावर बसलं नसतं. कळलं फक्त सुकाण्याला. तेव्हापासून तो जेवणवेळेच्या आधी येऊन, उभ्यानेच चमचाभर कालवण तोंडात टाकून, दारातून ओरडायचा. "आज समुद्रच वतलास का रं" म्हणजे मीठ जास्त. "दवाखान्याचं पाणी हाय हे" म्हणजे कमी. पहिली पंगत हसायची, भंडारी उलट शिवी द्यायचा आणि पाठ वळवून पातेलं दुरुस्त करायचा. चार वर्षं खानावळ अशी चालली.

दुसरी गोष्ट सुकाण्याने सांगितली होती. दोघांच्याही जहाजांवर एक रीत होती. रांधणाऱ्याला कधी चांगलं म्हणायचं नाही, नावंच ठेवायची. नोकरी पुरी करून जहाज सोडणारा माणूस मात्र शेवटचं जेवण जेवला की चांगलं झालं म्हणायचा आणि शिडीने खाली उतरायचा.

हिवाळ्यापासूनच सुकाण्याचा खोकला वाढत गेला होता. चैत्रातल्या त्या गुरुवारी त्याला उशीर झाला. चमचा तोंडात टाकायला तो आलाच नाही, थेट पंगतीला बसला. आवाज बसलेला होता. जेवून त्याने ते दोन शब्द उच्चारले आणि भिंतीचा आधार घेत पायऱ्या उतरला. भंडारी वाढायचा थांबला. माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला.

"पेपरवाले, खरं सांगा. मीठ हाय का?"

कालवणात मीठ अजिबात नव्हतं. पाहुणेपणा समजा की भीड, सहा जण ते मुकाट्याने खात होते. मी नाही म्हणालो.

"मग उतरला तो," भंडारी म्हणाला.

दुपार कलताना तो डब्यात भाकरी घेऊन वस्तीवर गेला. मी सोबत होतो. सुकाणी लिंबाखाली बाजेवर होता, उशाशी गाठोडं बांधलेलं. भंडाऱ्याने विचारलं, कुठल्या बंदराला. सुकाण्याने सांगितलं, सोलापूरला, मोठ्या दवाखान्यात. पुतण्यानं ट्रक ठरवलाय, सकाळी निघायचं. बराच वेळ दोघं खजुराचं आणि खोबऱ्याचं बोलले. भंडारी त्या दिवशी कोलंबोचं खोबरं गोड होतं हे कबूल करायला तयार झाला. सुकाणी म्हणाला, आता कबूल करून उपयोग नाही, मला मोंबासाचं पटायला लागलंय. मग भंडारी म्हणाला,

"मीठ न्हवतं कालवणात."

"ठावं हाय."

"मग बोलला का न्हाईस?"

"उतरणाऱ्यानं मिठाला नाव ठेवायचं नसतं."

"आन् उद्यापास्नं मला सांगायचं कुणी?"

सुकाण्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत भंडारी त्याची पाठ चोळत होता.

सकाळी ट्रक वस्तीवर आला. पुतण्याने आणि दोन हमालांनी सुकाण्याला बाजेसकट उचललं. भंडारी खाली उभा होता. त्याने "हबेस" अशी आरोळी दिली, हमालांनी बाज वर घेतली. ट्रक वळणाआड जाईपर्यंत तो पाय फाकवून उभा होता.

पुढचं पुतण्याने सांगितलं. दवाखान्याच्या दारात दोन माणसं बाज खाली घ्यायला आली. ती आरोळी न देताच घेत होती. तेव्हा सुकाणी स्वतःच हळू आवाजात "आरिया" म्हणाला. नऊ दिवसांनी तो तिथे वारला. अंत्यविधी सोलापुरातच झाला.

भंडाऱ्याने खानावळ तीन दिवस बंद ठेवली आणि चौथ्या दिवशी उघडली. ओलं गोणपाट तेच होतं. पहिल्या पंगतीला त्याने उभं राहून सांगितलं की आपल्याला चव लागत नाही, चार वर्षं झाली; ज्याला उठायचं त्याने उठावं. दोघे उठले. बाकीचे जेवले.

तेव्हापासून त्या खानावळीत कालवण बिनमिठाचं असतं. पंगतीच्या मधोमध मिठाची वाटी ठेवलेली असते, ज्याचं त्याने घ्यायचं. वाटी अर्धी भरलेली असते.