बाभळीपाशी उभं राहून ऐकलेला बॉक्स

माझ्या शुद्धलेखनाला आणि वाकड्यातिकड्या अक्षराला कुणी हसू नये. चौथीनंतर शाळा सुटली आणि पुढं पेन हातात धरला तो सहीपुरताच. हे मी माझ्यासाठीच लिहिते आहे. चुकून कुणाच्या हाती पडलं तर सांभाळून घ्यावं.

आमच्या घरात टीव्हीखाली एक काळा लाकडी बॉक्स आहे. सून म्हणते, लई जागा खातोय, देऊन टाका. मी त्याच्यावरची धूळ पुसते आणि स्वयंपाकघरात जाते.

आमचे हे पूर्वी एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे. चार जाड तारांची ती गिटार. तिचा आवाज कानापेक्षा छातीत जास्त कळतो. आता ह्यांची बोटं आखडलीत, पण तेव्हा सोलापुरात लग्नसराईत ह्यांना घरी जेवायलाही सवड नसायची. एकच उणीव होती. बेससाठी मोठा स्पीकर बसवलेला बॉक्स लागतो, तो आमचा स्वतःचा नव्हता. एकदा ऑर्केस्ट्राच्या मालकानं तोंडावर सांगितलं, "पुढच्या सीझनला बॉक्स घेऊन या. न्हायतर बेस मी कीबोर्डवरच वाजवून घेतो."

त्यानंतर बरेच दिवस ह्यांनी गिटारला हात लावला नाही. शेवटी मी माझ्या थोरल्या बहिणीकडं गेले. आक्का शेरडं पाळायची. तिनं बोकडं विकून पैसे दिले आणि म्हणाली, "माझ्या पोरीच्या लग्नाला ठेवलेली हुती ती. हळदीच्या आत पैसं परत पायजेत बग. न्हायतर मला तोंड दाखवू नगंस."

पहिला बॉक्स बघितला तो बाजारातल्या एका दुकानात. ह्यांनी गिटार जोडली आणि असा आवाज भरला की टेबलावरचे चहाचे ग्लास किणकिणले. ह्यांचा चेहरा खुलला. आत सगळे पुरुष, म्हणून मी रस्ता ओलांडून पलीकडच्या सावलीत उभी राहिले. तिथं दुकानाच्या शटरचा खडखडाट तेवढा येत होता. बेस नव्हताच.

ह्यांचं वाजवणं मला लांबूनच ओळखीचं. कार्यक्रमात पुढं खुर्चीवर बसायची मला लाज वाटायची. मी मांडवामागं, आचाऱ्याच्या पातेल्यांजवळ उभी राहून ऐकायची. तिथंही ह्यांचा बेस तळपायाला लागायचा.

ह्यांचा हात खिशाकडं जाताना दिसला तशी मी दारात जाऊन खूण केली. हे चिडूनच बाहेर आले.

"काय गं?"

"अवो, पलीकडं कायच येत न्हाय."

"आत कान फुटायलेत की!"

पण मग ह्यांनी वळून कोपऱ्यातल्या बॉक्सकडं बघितलं. आत जाऊन त्यांनी बॉक्स कोपऱ्यातून दुकानाच्या मधोमध ओढायला लावला आणि पुन्हा वाजवलं. आवाज निम्मा झाला. इतका वेळ दोन्ही भिंतीच त्याला फुगवत होत्या. दुकानदार म्हणाला, "घ्यायचं नसंल तर तसं सांगा की." आम्ही निघालो.

दुसरा बॉक्स अक्कलकोटला. तिथं एकजण आपली ऑर्केस्ट्रा पार्टी बंद करून सामान विकत होता. घरात कन्नड बोलायचा, आमच्याशी मराठी. बॉक्सचं कापड फाटलेलं, एक चाक गेलेलं. ह्यांनी आधी तो घरामागच्या मोकळ्या रानात काढायला लावला. मला म्हणाले, "तू त्या बाभळीपाशी जा. वरडायचं तुला जमणार न्हाय. नीट ऐकू आलं तर पदर डोक्यावर घे."

तो माणूस हसायला लागला. "गिऱ्हाईक तुमी का वैनी?"

"पैसं तिच्या बहिणीचं हायेत."

"झकास! माझी बायको अशी लांब उभी ऱ्हायली असती तर पार्टी बंद नसती पडली."

मी चप्पल काढून बाभळीखाली उभी राहिले. हे जाड तारेवर एकेक सूर खाली उतरत गेले. दुकानात खालचे सूर एकमेकांत मिसळून नुसती गुरगुर व्हायची. इथं प्रत्येक सूर वेगळा येत होता, आणि मातीतून पायाला लागत होता. अगदी शेवटचासुद्धा. मी पदर डोक्यावर घेतला. लांबून ह्यांचे दात दिसले.

जवळ आल्यावर मी माठ घेताना वाजवतात तसा बॉक्स चारी बाजूंनी वाजवून बघितला. मागचा एक कोपरा बद्द वाजला. पाणी लागून प्लायवूड सुटलं होतं. ह्यांनी त्याचे पैसे कमी करून घेतले आणि घरी आल्यावर सरस लावून, लाकडी पट्टी ठोकून तो कोपरा स्वतः बसवला.

मालकानं ह्यांना ठेवून घेतलं. प्रत्येक सीझनला थोडेथोडे पैसे आक्काकडं जात राहिले. थोडे राहिले होते तेवढ्यात भाचीचं लग्न ठरलं. हळदीला आमचीच पार्टी होती. कार्यक्रम सुरू झाला तसं मी आक्काला हाताला धरून मांडवामागं नेलं.

"हितवर येतंय की गं!" आक्का म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "आन् तू डोक्यावर पदर कुणासाठी घेतलास? हितं कोन हाय?"

मला कळलंच नव्हतं. मी कनवटीचे पैसे काढून तिच्या हातात दिले. तिनं ते न मोजता चोळीत ठेवले.

"फिटलं बग," ती म्हणाली. "सगळं."