नावाची पट्टी नसलेलं आभाळ

माझा मित्र भूपेश गेल्याची बातमी मला एका स्पर्धेच्या जाहिरातीतून कळली. मी नागपुरात होतो. मोबाइलवर कुणीतरी पुढे पाठवलेलं चित्र आलं. त्याचा हार घातलेला फोटो, 'स्वर्गीय भूपेश स्मृती चषक', आणि खाली लिहिलेलं, लढाऊ विमानांचा सामना, लेबल चालू. काविळीनं गेला म्हणे. महिनाही होत नाही तोच त्याच्या नावानं त्याच्याच विरुद्धचा खेळ मांडला होता. शांत होण्याची मला घाई नाही.

गावाकडे कुडव्यात एका सेठचं गेम पार्लर होतं. भूपेश त्याच्या गावाहून, दवनीवाड्याहून, मोटरसायकलनं तिथं यायचा. संगणकावरच्या त्या हवाई लढाईत दूरच्या प्रत्येक विमानावर लाल किंवा निळ्या अक्षरांत नाव दिसतं, तेच लेबल. लाल दिसलं की झाडा गोळी. भूपेश ते बंद करायचा. खऱ्या वैमानिकाला आभाळात कोणी नावं लिहून देत नाही, म्हणायचा. जवळच्या बिरसी विमानतळाच्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ विमानं तो शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभा राहून पाही. सरळ अंगावर येणारं विमान जागचं हलतच नाही असं वाटतं, वळताना पंख चमकला की मगच कळतं, हे त्यानं मला तिथंच दाखवलं. पार्लरमधली पोरं मात्र पडद्यावरचं चित्र मुद्दाम जाडंभरडं करून ठेवत, कारण त्यात दूरचं विमान ठसठशीत काळा ठिपका होऊन दिसे. भूपेश याला बेइमानी म्हणायचा, बारीक चित्र ठेवायचा आणि हरायचा.

मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला. बाबा शत्रूंची नावं घेऊन लिहीत, मी वाटत असे. युद्धाचा खेळ मला सहन होत नसे... एकदा त्याला तोंडावर सुनावलं, माणसं मारण्याची ही कसली चैन. पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "तुमच्या पत्रकात तरी काय राह्यते बे? आधी लाल नाव, मंग गोळी. मानूस कोठी दिसते?" मी बरेच दिवस त्याच्याशी बोललो नाही. ते वाक्य मला आजही मान्य नाही, आणि आजही ते पाठ सोडत नाही.

एका अंतिम सामन्यात तो एका विमानाच्या मागे लागला. आपलं की त्यांचं, ओळखता येईना, म्हणून गोळी न झाडता जवळ जात राहिला. ते त्यांचंच निघालं, पण तोवर दुसऱ्यानं याला मागून पाडलं. टीम हरली. पोरांनी 'अंधा पायलट' म्हणून टिंगल केली आणि सेठनं सगळ्यांसमोर सांगितलं, लेबल लाव, नाहीतर येऊ नको. भूपेश पुन्हा गेला नाही.

त्याच सेठकडे मी स्पर्धेच्या दिवशी गेलो. लेबल बंद करा, नाहीतर त्याचं नाव काढा, एवढंच माझं म्हणणं होतं. तो हसला. "भैया, मरे हुए का नाम है. तुम्हारा क्या जा रहा है?" पाहुणा म्हणून भूपेशचा मोठा भाऊ बसला होता. पडद्यावरची लाल अक्षरं कसली, त्यानं मला विचारलं. मी सगळं सांगितलं. भाऊ उठला, भिंतीवरचा फोटो काढला आणि सेठला म्हणाला, "हा असा खेळत नवता. तुमचा चषक तुमच्याच नावाचा करा."

दवनीवाड्याला घरी नेऊन त्यानं मला भूपेशचा संगणक लावून दिला. मी आयुष्यात पहिल्यांदा तो खेळ खेळायला बसलो. लेबल बंदच होतं. समोर नुसतं निळं. बराच वेळ काही येईना, तशी मी उगाच आभाळात गोळ्या झाडल्या. मागून भावानं विचारलं, "काही दिसलं का?"

"नाही."

"मंग झाडून काऊन राहिला? पाह्यत बस ना... तो तसाच बसून राहे."