भुईचाफ्याचे दोन वाफे

बायको मार्गशीर्षात गेली. तिच्या मागे भुईचाफ्याचे दोन वाफे राहिले. एक शिवऱ्याला आमच्या घरामागे, हायवेच्या धुळीत. दुसरा तिच्या माहेरी, मार्गासनीच्या वर अर्ध्या तासाच्या चढणीवर, जिथं तिचे वडील आता एकटेच राहतात. लग्नाच्या वर्षी माहेरच्या वाफ्यातले निम्मे कंद तिनं रुमालात बांधून आणले होते. खाली ऊन लवकर तापतं, त्यामुळे चैत्र लागला की शिवऱ्यातली फुलं यायची. वर गारवा असतो, तिथं पंधरा-वीस दिवस उशिरा. तेव्हा पान एकही नसतं. उघड्या मातीतून पांढरं-जांभळं फूल तेवढं वर येतं. खालची संपली की ती वरची बघायला जायची. सासऱ्यांना तो हिशोब पाठ होता. वाफ्यात पहिलं फूल दिसलं की लेक यायची.

दहाव्याला, सगळं आटोपल्यावर, सासरे भावकीसमोर म्हणाले, "पोर खोकत हुती, आन् पाव्हणं पुस्तक वाचत बसलं हुतं."

आवाज चढवला नाही. आणि ते खरं होतं. ती खोकत होती आणि मी वाचत होतो. तुम्ही वाचत बसा, म्हणजे मला बरं वाटतं, असं तिनंच सांगितलं होतं, पण ते तिथं कसं सांगणार.

फाल्गुनात मी दोन्ही वाफे सांभाळायला घेतले. मला कुणी सांगितलं नव्हतं. रविवारी चेलाडी फाट्यावर एसटी बदलून वर जायचो. सासरे चहा द्यायचे, 'पाव्हणं' म्हणायचे, आणि मी वाफ्यातले खडे वेचत असताना पाठ करून बसायचे.

शिवऱ्यात ती उन्हाळ्याआधी वाफ्यावर पालापाचोळा पसरायची, कंद भाजू नयेत म्हणून. मी वरही तेच केलं. वाफा झाडून घेतला, त्यावर थोडं शेण, वाळक्या पानांचा जाड थर, आणि वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून वर वाळलेल्या फांद्या व थोडी माती. दुपारभर राबलो. त्या दिवशी सासरे गुरांमागे गेले होते. मी न सांगता खाली उतरलो.

त्या डोंगरात फाल्गुनात असा ढीग एकाच कामासाठी रचतात. भाताची रोपं टाकायच्या जागेवर शेण, पाला, फांद्या, माती असे थर घालतात आणि पेटवून जमीन भाजून घेतात. त्याला राब म्हणतात. इतकी वर्षं मी त्या घरचा जावई होतो. राब भाजताना पाहिलाही होता, कडेला पुस्तक घेऊन बसून.

पुढच्या रविवारी मी चढण चढून आलो, तर सासरे वाटेवर उभे होते. पहिल्यांदाच माझी वाट बघत. हातातली पिशवी घेतली, पाणी दिलं. वाडीतल्या दोघांना ते सांगून आले होते, असं नंतर कळलं, की जावयानं राब रचून दिला, शिकलेला माणूस पण थर बरोबर घातले. मला घरामागच्या परड्यात नेलं आणि म्हणाले, "तुमी रचलात, म्या पेटवला. झ्याक भाजलाय."

वाफा काळा होता. माझ्या ढिगाखाली त्याची कड बुजली होती, आणि लागूनच असलेली त्यांची नेहमीची राबाची चार हात जागाही त्यांनी त्यात घेतली होती.

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. चैत्र येईपर्यंत त्यांना कळलं नसतं. मी खाली बसलो आणि बोटांनी माती उकरली. वर माती उथळ आहे, खाली लगेच खडक, म्हणून तिनं कंद दोन बोटांवरच लावले होते. एक हाताला लागला. भाजलेल्या आल्यासारखा वास आला. मी तो त्यांच्या तळहातावर ठेवला.

"तिचा वाफा होता हा," मी म्हणालो.

ते कंदाकडे बघत राहिले. मग तो त्यांनी धोतराला पुसला आणि बंडीच्या खिशात टाकला. मला दहाव्याचा दिवस आठवला आणि बरं वाटलं. हे लिहायला मला फार वेळ लागला.

पाडव्याला दोन्ही घरी गुढी नव्हती. त्यानंतरच्या रविवारी वर गेलो, तेव्हा काळ्या वाफ्यात पाणी घातलेलं दिसलं. सासरे झऱ्यावरून रोज एक घागर आणत होते. त्या वयात. चहा झाल्यावर ते बराच वेळ दाराच्या चौकटीवर नख घासत राहिले. मग म्हणाले, "तुमच्याकडचं दोन-चार कंद मिळतील का? हितं लावतो. आलं तर आलं."

शिवऱ्यात त्या सकाळी सात फुलं मोजून मी निघालो होतो.

"खालचेही गेले," मी म्हणालो.

फुलावर असताना कंद उकरू नयेत, असं ती म्हणायची. हे कारण मला परतीच्या एसटीत सुचलं. बोललो तेव्हा माझ्याकडे कुठलंच कारण नव्हतं.

सासऱ्यांनी मान हलवली. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, जो त्यांनी तिच्या दहाव्यालाही ठेवला नव्हता.

"तुमी तरी काय करणार," ते म्हणाले. "तिकडं ऊनच लई."

मी निघालो तेव्हा ते घागर घेऊन झऱ्याकडे चालले होते. घरी पोचलो, तेव्हा अजून उजेड होता. वाफ्यात आठवं फूल आलं होतं. मी त्याला पाणी घातलं.