उन्हाकडे तोंड करून भरणारा वर्ग

झुबेदाच्या चाचांनी जितकी झाडे तोडली तितकी साऱ्या मावळात दुसऱ्या कोणी तोडली नसतील, आणि झाडांना ते जितके भीत तितके दुसरे कोणी भ्यालेही नसेल. हे विधान मी पुराव्यानिशी करीत आहे. झुबेदा माझी शाळेपासूनची मैत्रीण. माझे वडील लोणावळ्याला डॉक्टर, आणि तिच्या चाचांची लाकडाची वखार स्टेशनच्या पलीकडे. चाचांची उंची अशी, की आमच्या दवाखान्यात शिरताना ते सवयीने वाकत आणि तरीही चौकटीला कपाळ लावूनच आत येत. पन्नाशीपर्यंत त्यांनी घाटमाथ्यावरची राने मालकांकडून उभीच्या उभी विकत घेतली, तोडली, भट्ट्या लावून कोळसा केला आणि मुंबईला धाडला. मग एके दिवशी, कोणालाही कारण न सांगता, वखार पुतण्याच्या हवाली केली आणि कुसगावच्या वरच्या अंगाला असलेले स्वतःचे रान राखायला घेतले. इतक्यावर ते थांबले असते तर त्यांना विरक्ती आली असे म्हणून लोक मोकळे झाले असते. पण ज्या मालकांची राने आपण तोडली, त्याच मालकांना रान कसे राखावे हे शिकवण्याचा वर्ग त्यांनी काढला. याला धैर्य म्हणावे की कोडगेपणा, याचा निर्णय मला कित्येक वर्षे करता आला नाही.

भात झोडून खळी रिकामी झाली, की वर्गाचे दिवस येत. आमंत्रण द्यायला चाचा स्वतः जात. मालकीचे रान असलेल्या प्रत्येकाच्या दारात ते खांद्यावर कुऱ्हाड टाकून उभे राहत आणि अतिशय मृदू आवाजात विचारीत, "रविवारी येताय ना?" या पद्धतीमुळे वर्गाची हजेरी मी पाहिलेल्या कोणत्याही कॉलेजातल्या हजेरीपेक्षा चांगली असे. कुसगावचे धोंडिबा येत; त्यांचे रान चाचांच्या रानाला बांधाने लागून होते. खंडाळ्याच्या बंगल्यामागे टेकडीएवढे रान असलेले एक पारशी शेठजी छत्री आणि नोकर घेऊन येत. बाकी आसपासच्या वाड्यांतले रानमालक. पाटी नाही, खडू नाही, छापील विषयपत्रिका नाही. चाचांच्या रानाच्या मधोमध एक प्रचंड म्हातारा ऐन होता. मगरीच्या पाठीसारख्या सालीचा, चार माणसांच्या कवेत न मावणारा. त्याच्याकडे पाठ करून चाचा उभे राहत आणि वर्ग त्यांच्यासमोर बसे.

वर्गाचा आरंभ कुऱ्हाडींच्या तपासणीने होई. वडील रोग्याची जीभ पाहत त्याच गांभीर्याने चाचा पाती पाहत. बोथट पात्याने बुंध्याची साल फाटते, फाटलेल्या सालीत पाणी मुरते, बुंधा कुजतो आणि धुमारे येत नाहीत, हा सिद्धांत ते असा मांडीत, की ऐकणाऱ्याला आपल्याच पायाला जखम झाल्यासारखे वाटे. धार पाहण्याचा त्यांचा एक कडक नियम होता : स्वतःच्या कुऱ्हाडीची धार स्वतः पाहायची नाही, शेजाऱ्याच्या हाती द्यायची. "आपली कुऱ्हाड आपल्याला नेहमीच धारदार वाटते," ते म्हणत. शेठजींनी एकदा मुंबईहून आणलेली, चकाकणारी, लाकडाचा स्पर्शही न झालेली कुऱ्हाड पुढे केली. चाचांनी ती उलटसुलट पाहिली आणि आदराने परत दिली. "शेठजी, ही दिवाणखान्यात टांगा. झाडं बिचारी हिला पाहून हसतील, आणि हसताना फांदी मोडते."

झाडांविषयी ते ज्या भाषेत बोलत ती मी वनस्पतिशास्त्राच्या एकाही ग्रंथात वाचलेली नाही. कोणते रोप ठेवायचे आणि कोणते काढायचे हे ते लग्न ठरवणाऱ्या वडीलधाऱ्याच्या थाटात सांगत. "हा मुलगा उंच आहे, पण कमरेत वाकलाय. ह्याचा बाप कुठाय? तो बघा, तोही वाकलेला. घराण्यातच आहे. ह्याला काढा." अनुवंशाचा जो सिद्धांत मी दोन वर्षे घोकून परीक्षेत उतरवला, तो त्यांनी धोंडिबांच्या गळी पाच वाक्यांत उतरवला. उलट, खऱ्या लग्नात ते लाकडाची भाषा वापरीत. झुबेदाला सांगून आलेल्या स्थळाच्या घरी ते गेले, तेव्हा मुलाशी एक शब्दही न बोलता त्यांनी दाराच्या चौकटीवर बोटांची पेरे वाजवून पाहिली आणि चहा येण्यापूर्वीच संमती देऊन टाकली. "चौकट पक्क्या लाकडाची आहे. असल्या घरात घाईनं काही करत नाहीत." झुबेदा आज सुखात आहे, हे मी शास्त्रीय प्रामाणिकपणाने येथे नमूद करते.

मी बी.एस्सी. झाले, पुण्याच्या कॉलेजात प्रात्यक्षिके घेऊ लागले, आणि जंगलखात्यात जाण्याची माझी इच्छा मी चारचौघांत बोलून दाखवू लागले. खात्यात बायकांना जागा नाही, असे मला सर्वांनी निरनिराळ्या सौजन्याने सांगितले. चाचा तेवढे म्हणाले, "खात्यात घेत नाहीत? मग रानात ये." त्या रविवारी त्यांनी वर्गाला माझी ओळख करून दिली : "ही पोरगी पान इतकं पातळ कापते, की त्याच्यातून पलीकडचं दिसतं. तुम्ही ओंडका कापता, तर कापलाय का कुरतडलाय ते कळत नाही." साल आणि लाकूड यांच्यामधल्या जिवंत थरावर मी आवेशाने बोलले. बोलणे संपल्यावर धोंडिबा म्हणाले, "बाई, समदं पटलं. पन राबाला काय जाळू, तेवढं सांगा." मावळात भाताचे रोप टाकण्यापूर्वी फांद्या तोडून, वाळवून वाफ्यावर जाळतात, त्या राबासाठी दरवर्षी कितीतरी झाडे खुंटासारखी बोडकी होत. उत्तर चाचांनी दिले : शेंड्याला हात लावायचा नाही, खालच्या फांद्या एका बाजूच्या यंदा, दुसऱ्या बाजूच्या पुढल्या साली. "शेंडा म्हणजे घरचा कारभारी. त्याला मारलं, तर बाकीचे नुसते जेवायला उरतात."

या वर्गात एकच गोष्ट मला अशास्त्रीय वाटे, आणि ती म्हणजे बसण्याची जागा. वर्ग सकाळी भरे, आणि चाचा सर्वांना ऐनाच्या पश्चिमेलाच बसवीत. थंडीतले तिरपे ऊन फांद्यांखालून थेट डोळ्यांत येई. ऐनाच्या खोडाची तेवढी एक सावलीची पट्टी जमिनीवर पडे, आणि ती शेठजी आधी येऊन बळकावीत. बाकीचे कपाळावर हात धरून विद्या ग्रहण करीत. पलीकडे बसले असते, तर ऊन पाठीवर आले असते. मी अनुमाने बांधली : श्रोत्यांनी झोपू नये म्हणून असेल, जमिनीचा उतार त्या बाजूला सौम्य असेल. दोन्ही अनुमाने तपासली, दोन्ही टिकली नाहीत. धोंडिबा तर उन्हातही सुखाने झोपत. शेवटी चाचांनाच विचारले. ते करारी चेहऱ्याने म्हणाले, "ज्याला उजेड सोसत नाही, त्यानं रान ठेवू नये." वाक्य इतके भारदस्त होते, की ते उत्तर नाही हे माझ्या लक्षात यायला बरेच दिवस लागले.

मग महायुद्ध आले, आणि कोळशाला कधी नव्हे ती मागणी आली. एक ठेकेदार कुसगावात फिरू लागला. त्याला तुकडा नको होता. चाचांच्या रानापासून धोंडिबांच्या बांधापलीकडे गेलेला सारा उतार त्याला एकदम साफ करायचा होता. त्या उताराच्या पायथ्याशी गावाचा झरा; रान गेले की तोही आटणार. चाचांनी स्वतःपुरता नकार दिला, पण इतरांच्या रानावर त्यांचा हक्क काय? त्यांच्याजवळ फक्त तो वर्ग होता. त्या वर्षीच्या पहिल्या रविवारी ते पोटतिडकीने सांगत होते : रानाचे भाग पाडा, दर साली एक भाग घ्या, त्यातही रोगी झाड आधी, म्हातारे मग, वाढते झाड शेवटपर्यंत नाही. धोंडिबा उन्हाने वैतागले होते. "चाचा, डोळं फुटायची येळ आली. मी पल्याडनं ऐकतो," असे म्हणत ते उठले, ऐनाला वळसा घालून मागच्या बाजूला गेले, आणि एक हात खोडावर टेकून ऐटीत उभे राहिले. पुढच्या क्षणी त्यांचा हात कोपरापर्यंत झाडात गेला.

मातीची मोठी खपली खाली पडली. मागून वाळकी पाने, भुसा आणि एक अतिशय नाराज पाल बाहेर आली. त्या बाजूला माणूस उभा राहील एवढी ढोली होती, आणि ती शेणमातीने लिंपून, वर सालीच्या रंगाचा हात देऊन इतकी बेमालूम बुजवली होती, की आमच्या प्रयोगशाळेतल्या कोणालाही ते साधले नसते. माझ्या कोड्याचे उत्तर मला मिळाले.

"चाचा," धोंडिबा हात झाडत म्हणाले, "ह्ये तर म्हातारीच्या दातावानी भरून ठिवलंय की." लोक हसले. चाचा हसले नाहीत. धोंडिबांचाही आवाज बदलला. "आमाला सांगता रोगी झाड आदी काढा. आन तुमचं तुमाला काढवत न्हाई. मग आमी तरी कशाला ऐकायचं? उद्या ठेकेदाराला हो म्हनून टाकतो. माज्या मागनं समदेच म्हनतील." कोणी त्यांना अडवले नाही. इतक्या वर्षांचा वर्ग त्या ढोलीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला होता, हे तेथील प्रत्येकाला कळत होते.

चाचांनी ऐनावर तळहात ठेवला. "हा सगळा उतार मीच तोडला होता. तरुण होतो. सरळ, निरोगी, वाजवून घेण्यासारखं होतं नव्हतं ते सगळं नेलं. ह्याच्यात तेव्हाच खोड होती, गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून हा राहिला. पुढं दहा-पंधरा वर्षांनी आलो तर इथं रान. सगळी ह्याची पिल्लं. मी नेलं आणि ह्यानं परत भरलं. आणि मी ह्याला नापास केला होता." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "पोरी, तुझं शास्त्र काय म्हणतं?"

मी खांद्यापर्यंत हात घालून पाहिले. गाभा वरपर्यंत कुजला होता, बुरशी शेजारच्या दोन झाडांवर दिसत होती. काढायला हवे, असे मी सांगितले.

"परत फुटेल?"

"नाही, चाचा. इतक्या वयाचा बुंधा फुटत नाही." हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते, आणि ते त्यांनाही ठाऊक होते.

त्यांनी मान हलवली. आपली कुऱ्हाड उचलून त्यांनी धोंडिबांपुढे धरली. "बघ रे धार." धोंडिबांनी पात्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि खालच्या आवाजात म्हणाले, "चांगली हाय, चाचा." चाचांनी दाट रोपांमधल्या एका चिंचोळ्या मोकळ्या पट्टीत एक खुंट रोवला आणि झाड त्याच्यावर पडेल असे सांगितले. पोकळ खोड कोठे कलेल याचा नियम नसतो. मी तरी तो कोणत्याही पुस्तकात वाचलेला नाही. चाचा एक घाव घालीत, खोडाला कान लावून ऐकत, मग दुसरा घाव. पलीकडून घाव घालायला धोंडिबा न सांगता उभे राहिले. ऊन डोक्यावर आले, शेठजींनी आपली छत्री मिटून नोकराच्या हाती दिली आणि उभ्यानेच पाहत राहिले. शेवटी ऐन करकरला, क्षणभर दरीकडे कलल्यासारखा झाला, आणि वळून त्या पट्टीत आडवा पडला. धूळ बसल्यावर आम्ही खुंट शोधला. तो डोक्यापर्यंत जमिनीत ठोकला गेला होता, आणि दोन्ही बाजूंचे एकही रोप मोडले नव्हते. प्रयोगशाळेत मी पुष्कळ गोष्टी अचूक होताना पाहिल्या आहेत. त्या दिवशी जे पाहिले त्याला अचूकपणा हा शब्द मला अपुरा वाटतो.

संध्याकाळी चाचींनी सांगितले, "घराची मागची भिंत गळते, तिला लिंपायला ह्यांना कधी सवड झाली नाही. झाडाला मात्र दरवर्षी दोन हात." बोलता बोलता त्यांनी पदराने डोळे टिपले आणि धुराला दोष दिला.

धोंडिबा ठेकेदाराला नाही म्हणाले. त्यांच्या मागून बाकीचेही म्हणाले, आणि तो ठेकेदार दुसऱ्या खोऱ्यात निघून गेला. बुंध्याला धुमारे आले नाहीत. चाचा मात्र वर्षभर रोज सकाळी त्या बाजूला जाऊन येत. रोपे पाहायला, असे सांगत.

पुढच्या थंडीत वर्ग भरला तेव्हा मी मुद्दाम पुण्याहून आले. चाचा बुंध्याजवळ उभे होते. ऐन नव्हता, त्यामुळे ऊन आता अडथळ्यावाचून येत होते. एकेक जण आला आणि पश्चिमेला, जुन्याच जागी, कपाळावर हात धरून बसला. चाचांनी बुंध्याच्या पलीकडे हात केला. "अरे, आता तिकडं बसा की. आता मी काय लपवतोय?"

"असू द्या, चाचा," धोंडिबा डोळे किलकिले करीत म्हणाले. "हितनंच बरं दिसतं."

चाचांना जाऊन आता दोन थंड्या झाल्या. वर्ग मी घेते; खात्यात अजून जागा निघालेली नाही. मी बुंध्याकडे पाठ करून उभी राहते आणि कुऱ्हाडी शेजाऱ्याच्या हाती द्यायला सांगते. कोणी पलीकडे जात नाही. शेठजी थकले आहेत, पण सर्वांच्या आधी येतात, आणि जेथे ऐनाच्या खोडाची सावली पडत असे, नेमके तेथेच छत्री मिटून बसतात.